प्रलयाची तारीख, लेझरनं कापलेलं कैलास लेणं आणि आमची आत्या

हरिपूरकर:

नमस्कार मंडळी. मी सांगलीजवळ हरिपूरला राहतो, कृष्णा-वारणेच्या संगमापासून चालत दहा मिनिटांवर. धागा काढायचं कारण आमची आत्या. वारणाकाठी एका गावात एकटी असते, दोन म्हशी, पाऊण एकर ऊस, एवढंच तिचं. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला की म्हशी विकायला काढल्यात, हेडी बघून गेलाय, इसार पण घेतलाय. मी म्हणलं अगं का, दूध तर चांगलं चाललंय, तर म्हणाली बाळा पुढच्या अमावस्येला सगळं बुडणार आहे, मोबाईलवर सगळं पुराव्यानिशी दाखवलंय, मी जतला लेकीकडं जाते, तिकडं पाणी चढत नाही.

तो व्हिडिओ मी पूर्ण बघितला, चाळीस मिनिटांचा आहे. त्यात अशी साखळी लावलीय की मोहेंजोदडोवर अणुबॉम्ब पडला होता म्हणजे आपल्याआधी एक पुढारलेली संस्कृती होती, वेरूळचं कैलास लेणं त्यांनी लेझरनं कापलं, पिरॅमिड पण त्यांनीच बांधले, मग त्यांचा प्रलय झाला, आणि आता मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचं कॅलेंडर, फ्रान्सचा जुना भविष्यवाला नॉस्ट्राडेमस, बल्गेरियाची भविष्य सांगणारी बाबा वांगा, कलियुगाचा अंत हे सगळं एकाच तारखेवर येऊन थांबतंय. ऐकणाऱ्याला वाटतं एवढे लोक सांगतायत तर असेल काहीतरी.

आत्याला कुणी हसू नका ही विनंती आहे. २०१९ च्या पुरात तिची एक म्हैस आणि वासरू डोळ्यांदेखत वाहून गेलं. पाण्याची भीती तिनं व्हिडिओत बघून घेतलेली नाही, ती तिच्या अंगावरून गेलीय. म्हणून तर मला राग येतो की खऱ्या भीतीवर असलं खोटं कलम केलं जातंय आणि त्यापायी एका बाईची म्हैस जातेय.

माझ्याकडं जेवढं आहे ते आधी सांगतो. माया लोकांच्या मोठ्या कालगणनेत १,४४,००० दिवसांचा एक बक्तून, असे १३ बक्तून म्हणजे १८,७२,००० दिवस, साधारण ५१२५ वर्षं. ती मोजणी इसवी सनापूर्वी ३११४ च्या ऑगस्टपासून धरली की २१ डिसेंबर २०१२ ला एक फेरी पुरी होते. आमच्याकडं हळदीच्या पेढीवर लक्ष्मीपूजनाला जुनी चोपडी बांधून नवी उघडतात तसं आहे ते, चोपडी संपली म्हणजे पेढी बुडाली असं कुणी म्हणत नाही. मेक्सिकोत पालेंकेच्या शिलालेखात तर पुढची एक तारीख कोरलीय जी आपल्या हिशोबानं इसवी सन ४७७२ ला येते. जग २०१२ ला संपणार असं त्यांना वाटत असतं तर ४७७२ ची तारीख दगडात कशाला कोरली असती? आणि माया लोक संपलेले पण नाहीत, ग्वाटेमालात आणि युकातानमध्ये आज लाखोंनी आहेत.

बाकीच्या मुद्द्यांवर ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा. रविवारी तिच्याकडं जाऊन वाचून दाखवणार आहे. जड शब्द नकोत.

टाकीवाला_सातारा:

कैलास लेण्यावर मी लिहितो कारण हा विषय आमच्या घरातला आहे. माझे आजोबा पाटे-वरवंटे, जाती करायचे, गावोगाव फिरून टाकी लावून द्यायचे, वडील देवळांची दगडी कामं करायचे. लेझरचे व्हिडिओ बघितले की मला आजोबांचे हात दिसतात, बोटं वाकडी झालेली, एका डोळ्यात कपची जाऊन दिसायचं कमी झालेलं. त्या हातांचं श्रेय उचलून कुठल्यातरी परग्रहावरच्या यंत्राला द्यायचं हे मला सहन होत नाही.

व्हिडिओत सांगतात ४ लाख टन दगड १८ वर्षांत काढला, म्हणजे दर तासाला पाच टन, माणसाला शक्यच नाही. ठीक आहे, त्यांचाच आकडा धरू. ४ लाख भागिले १८, वर्षाला २२ हजार टनांच्या वर. वर्षाचे ३०० दिवस काम धरा, दिवसाला ७४ टन. आता ३०० माणसं लावा, राष्ट्रकूटांच्या राजाला ३०० माणसं म्हणजे काही फार नाहीत, तर माणशी रोज पाव टन येतो. आपला काळा पाषाण इतका जड की पाव टन म्हणजे फक्त तीन घनफूट. तीन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच एवढा तुकडा. आणि तो पण सगळा भुगा करून काढायचा नसतो हे या लोकांना माहीतच नाही, बाजूनं चर मारायची, पाचर ठोकायची, दगडाला मुळातच सांधे असतात त्या सांध्यावर लादी सुटी होते. टाकीनं बारीक काम करायचं ते शेवटी, मूर्तीच्या अंगावर.

शिवाय १८ वर्षं ही मुदत कृष्ण पहिला या राजाच्या कारकिर्दीवरून धरलीय, तो साधारण ७५६ ते ७७३ राज्य करत होता. अभ्यासकांचं म्हणणं आहे की मुख्य काम त्याच्या वेळचं पण आवारातली बरीच लेणी-दालनं नंतरच्या राजांच्या काळात होत राहिली. म्हणजे मुदतही ओढूनताणून कमी केलेली.

आणि सगळ्यात मोठा पुरावा अर्धवट लेणी. अजिंठ्याचं २४ नंबरचं लेणं जाऊन बघा, खांब अर्धे सुटलेत अर्धे डोंगरातच अडकलेत, वरून सुरुवात कशी केली, कुठं थांबले सगळं उघडं दिसतं. माझ्या वडिलांना घेऊन गेलो होतो, ते एका खांबापाशी बराच वेळ उभे राहिले आणि हात लावून म्हणाले हा माणूस डावखुरा होता. बाकी लोक पुढं गेले, आम्ही दोघं तिथंच होतो.

बडोद्याला राष्ट्रकूटांचा एक ताम्रपट मिळालाय, कैलास लेण्यानंतर पन्नासेक वर्षांतला. त्यात या देवळाबद्दल म्हणलंय की देव बघून चकित झाले, आणि ज्यानं घडवलं तो कारागीर स्वतःच म्हणाला की हे मी कसं केलं. म्हणजे त्या काळच्या लोकांनाही अचंबा वाटत होता, पण त्यांनी कारागिराला बाजूला सारलं नाही. आपल्याकडं म्हणतात ना, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. घाव कुणीतरी घातले असतील ना ते?

बारामोटा:

वरच्या दादांच्या पोस्टला जोडून. लिंबची बारामोटेची विहीर बघा, साताऱ्यापासून जवळ आहे. १७१९ ते १७२४ ला विरूबाई भोसलेंनी बांधून घेतली, तिथं तसा शिलालेखच आहे. आत महाल, भुयार, मोटांच्या जागा. तो एक शिलालेख पडून गेला असता तर ह्याच्यावरही लेझरचा व्हिडिओ आला असता.

वाईची_आजी:

माझी नात टाइप करतेय मी सांगतेय. मी वाईची. प्रलयाच्या तारखा मी आयुष्यात इतक्या बघितल्या की मोजायच्या सोडून दिल्या. पहिली आठवते ती अष्टग्रहीची, फेब्रुवारी १९६२, पौष अमावस्येच्या आसपासचे दोन-तीन दिवस. मकर राशीत सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ एकत्र येणार आणि जग बुडणार. देशभर यज्ञ चालू होते. मी दहा वर्षांची होते, आईनं त्या रात्री आम्हा सगळ्या भावंडांना एका अंथरुणावर घेतलं, म्हणाली जे व्हायचं ते एकत्र होऊ दे. सकाळी कोंबडा आरवला तेव्हा ती देवापुढं रडली ते मला अजून दिसतं. त्या बाईला एवढं भ्यायला लावलं त्यांनी, आणि नंतर कुणी येऊन चुकलं म्हणून सांगितलं नाही.

दुसरी १९७९ ची स्कायलॅब. ती गोष्ट खरी होती, अमेरिकेचं अंतराळातलं स्टेशन पडणारच होतं, कुठं पडेल तेवढं माहीत नव्हतं. पण लोकांनी त्याचा प्रलय केला. आमच्या धाकट्या दिरानं सावकाराकडून पैसे उचलले, रोज कोंबडी, रोज गावजेवण, मरायचंच आहे तर खाऊन मरू. ११ जुलैला ते हिंदी महासागरात आणि थोडं ऑस्ट्रेलियात पडलं, माणूस एक मेला नाही. सावकार मात्र जिवंत होता. चार वर्षं फेडलं आम्ही ते, माझी पाटली गेली त्यात.

आत्याबाईंना सांग म्हैस विकू नको. तारीख टळल्यावर व्हिडिओवाला म्हैस आणून देत नाही.

श्रद्धावान_मिरज:

सगळं वाचलं. माझा आक्षेप स्पष्ट मांडतो, राग मानू नका. आजी म्हणतात त्या तारखा खोट्या निघाल्या हे मान्य. पण या नावाखाली आपल्या पूर्वजांचं ज्ञान पण खोटं ठरवायची घाई होते. विमानशास्त्र आपल्याकडं होतं, अणूचं ज्ञान होतं, इंग्रजांनी दाबलं. पिरॅमिडबद्दल मला काही घेणं नाही. पण आपल्या ऋषींबद्दल असं बोलताना दहादा विचार करावा. कलियुगाचा अंत शास्त्रात आहे की नाही?

हरिपूरकर:

दादा राग कशाला, तुम्ही मनापासून लिहिलंय आणि आमच्या आत्याचा प्रश्न पण हाच असणार आहे म्हणून नीट उत्तर देतो.

कलियुगाचंच घ्या. शास्त्राप्रमाणे कलियुग ४,३२,००० वर्षांचं, सुरू झालं इसवी सनापूर्वी ३१०२ ला. म्हणजे गेली जेमतेम ५१०० च्या वर. शिल्लक चार लाख सव्वीस हजारांहून जास्त. हे कुठल्याही पंचांगाच्या पहिल्या पानावर छापलेलं असतं. म्हणजे पुढच्या अमावस्येला कलियुग संपतं असं सांगणारा माणूस शास्त्राच्याच विरोधात बोलतोय.

विमानशास्त्राचं पण तसंच. ज्या ग्रंथाचा हवाला देतात त्याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ ला केला. विमानाचं शास्त्र जाणणारी माणसं होती ती. निष्कर्ष असा की ग्रंथ वेदकाळातला नाही, १९०० ते १९२२ च्या दरम्यान सांगून लिहून घेतलेला, आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत. हे इंग्रजांनी सांगितलेलं नाही, आपल्याच संस्थेतल्या आपल्याच लोकांनी तपासलंय.

आणि आता पूर्वजांबद्दल, कारण इथं मला जीव तोडून सांगावंसं वाटतं. आर्यभट. इसवी सन ४९९, वय २३. ग्रहण राहू-केतूमुळं नाही तर चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते म्हणून होतं हे त्यानं श्लोकात लिहून ठेवलं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हेही सांगितलं. नंतरच्या कित्येक आचार्यांनी त्याचं हे फिरण्याचं म्हणणं खोडायचा प्रयत्न केला, म्हणजे आपल्याकडं वाद घालायची, तपासायची परंपरा होती, एकमेकांचं डोळे झाकून मान्य करत नव्हते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला, १२०७ चा शिलालेख आहे तिथं. ज्या घराण्यात आजोबांचं गणित शिकवण्यासाठी नातू मठ काढतो ते खरं वैभव सोडून आपण नसलेल्या विमानाचा अभिमान का धरायचा? किती मराठी पोरांना पाटणचा शिलालेख माहीत आहे सांगा, आणि लेझरचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला असतो.

श्रद्धावान_मिरज:

पंचांगाचा मुद्दा मी घरी काढून बघितला. बरोबर आहे तुमचं. विमानशास्त्राबद्दल अजून वाचेन, लगेच हो म्हणत नाही. पाटणबद्दल खरंच माहीत नव्हतं.

तासगावचा_मास्तर:

पंचवीस वर्षं इतिहास शिकवला, तीन गोष्टी सांगतो.

मोहेंजोदडो. तिथं चाळीसेक सांगाडे मिळाले, त्यावरून आधी म्हणत होते की आर्यांनी कत्तल केली आणि आता म्हणतात अणुबॉम्ब. १९६४ साली जॉर्ज डेल्स या पुरातत्त्वज्ञानं दाखवून दिलं की हे सांगाडे एका दिवसाचे तर सोडाच, एका काळाचे पण नाहीत, वेगवेगळ्या थरांतले आहेत. किरणोत्सार सापडल्याची नोंद उत्खननाच्या कुठल्याच अहवालात नाही, ती गोष्ट नंतरच्या पुस्तकांतून एकानं दुसऱ्याची उचलत पसरली. वितळलेले दगड म्हणून दाखवतात ती भट्टीतली जास्त भाजून काचेसारखी झालेली खापरं. आणि मी पोरांना एकच विचारायचो, बॉम्ब पडला तर विटांच्या भिंती पुरुषभर उंच अजून उभ्या कशा?

पिरॅमिड. २०१३ ला तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथं खुफू राजाच्या, म्हणजे गिझाचा मोठा पिरॅमिड ज्याचा त्या राजाच्या, काळातले पपायरस (लव्हाळ्यासारख्या झाडाचे कागद) सापडले. त्यात मेरर नावाच्या अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. आपल्याकडच्या भाषेत मेरर म्हणजे टोळीचा मुकादम, हाताखाली चाळीसेक माणसं. तूरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरायचे, नाईल नदीतून गिझाला न्यायचे, रिकामी होडी परत, दहा दिवसांत दोन-तीन खेपा. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं हे खेपांचं टिपण आहे, ऊसतोडीच्या मुकादमाच्या वहीसारखं. परग्रहावरच्यांना होड्यांच्या खेपा लिहून ठेवायची गरज पडली असती का? गिझाला मजुरांची वस्ती, भाकऱ्यांच्या भट्ट्या, त्यांच्या कबरी सगळं मिळालंय. आणि खुफूच्या बापानं बांधलेला एक पिरॅमिड मध्येच वाकडा आहे, खाली उभा चढ घेतला, झेपेना म्हणून वर कमी केला. चुकत चुकत शिकलेली माणसं होती ती. मला तर तो वाकडाच जास्त आवडतो.

भविष्यवाण्या. नॉस्ट्राडेमसची पुस्तकं १५५५ पासून छापली जातायत, ओळी इतक्या मोघम की घटना झाली की मागून बसवता येतात, घडायच्या आधी कुणी तारीख-गावासकट काढून दाखवलेली नाही. बाबा वांगा १९९६ ला वारल्या, स्वतःच्या हातानं भाकितं लिहिलेली नाहीत, म्हणून दर वर्षी त्यांच्या नावावर नवीन भाकीत चिकटवायला कुणी अडवत नाही. इंग्लंडात मदर शिप्टन म्हणून अशीच एक, तिच्या नावावर १८८१ ला जग बुडणार अशी ओळ होती. ज्या माणसानं १८६२ ला ते पुस्तक काढलं त्यानंच १८७३ ला कबूल केलं की ती भाकितं मी घातली. तरी १८८१ उजाडलं तेव्हा लोक भ्यालेच. कबुलीजबाब अफवेच्या मागं कधीच पोचत नाही, हे मला शिकवताना फार खुपायचं.

कोयनेचा_पोरगा:

मी मूळचा पाटण तालुक्यातला (आपल्या साताऱ्याचा पाटण, चाळीसगावचा नव्हे), आता कराडला. ग्रह एका रेषेत आले की भूकंप होतो हे आमच्याकडं फार चालतं म्हणून लिहितो. सगळ्या ग्रहांची मिळून पृथ्वीवरची ओढाताण चंद्राच्या भरती-ओहोटीच्या ताणाच्या दहा हजाराव्या भागाएवढी पण नाही. आणि चंद्र तर रोजच डोक्यावर आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप माझ्या आज्यानं भोगलाय. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर झोपलं. धरणाला भेगा पडल्या पण धरण उभं राहिलं, नंतर ते मजबूत केलं. तेव्हापासून धरण फुटलं ही आवई आमच्या पाचवीला पुजलीय, २०१९ ला पण कुणीतरी उठवली, लोक अंधारात डोंगर चढले, एका म्हातारीचा पाय मोडला.

खरं काय चाललंय ते सांगतो कारण हे आपल्या जिल्ह्यातलं आहे आणि आपल्यालाच माहीत नाही. कोयनेचे भूकंप जलाशयाच्या पाण्यामुळं चाळवतात, जगभरचे लोक अभ्यासाला इथं येतात, कारण सगळे धक्के साधारण ३० बाय २० किलोमीटरच्या पट्ट्यात होतात. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कराडला आहे. त्यांनी गोठणे गावात ३ किलोमीटर खोल भोक पाडलं. वरचा १.२ किलोमीटर आपला काळा पाषाण, लाव्हाचा, त्याच्या खाली ग्रॅनाइट. भूकंप जिथं जन्मतो तिथंपर्यंत उतरायची तयारी चाललीय. आणि एवढी यंत्रं लावून, एवढी वर्षं घालवून ते शास्त्रज्ञ अमुक तारखेला भूकंप होणार असं सांगत नाहीत, कारण तसं सांगता येत नाही. जो सांगतो त्याच्याकडं कुठलं भोक आहे ते विचारा.

वाईची_आजी:

म्हातारीचा पाय बरा झाला का?

कोयनेचा_पोरगा:

काठी घेऊन चालते आजी.

हरिपूरकर:

रविवारी जाऊन आलो. उशिरा लिहितोय, माफ करा.

एक म्हैस आधीच गेली होती, हेडी शुक्रवारीच घेऊन गेला. दुसरीचा इसार परत दिला. सगळी पोस्ट वाचून दाखवली, चुलीपुढं बसून, तिनं मध्ये मध्ये थांबवून विचारलं. वाईच्या आजींची आई देवापुढं रडली ते ऐकून गप्प झाली बराच वेळ. मेररच्या खेपा तिला पटकन कळल्या, तिचा नवरा टोळीत होता, म्हणाली मग त्याला पण उचल देत असतील. साताऱ्याच्या दादा, तुमच्या वडिलांनी ओळखलेल्या डावखुऱ्या कारागिराचं तिनं दोनदा वाचायला लावलं.

मग म्हणाली हे सगळं ठीक आहे, पण पाणी येणार नाही असं तर कुणीच लिहिलेलं नाही. मी म्हणलं नाही आत्या, ते कुणी लिहू शकत नाही, पाणी येणारच कधीतरी. पण त्याची तारीख व्हिडिओत नसते, सांगलीच्या आयर्विन पुलावर पट्टी आहे, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं. तुझं गाव वारणेवर आहे पण कृष्णा चढली की इकडं वारणा तुंबते, त्यामुळं पुलाचा आकडा बघत राहायचा आणि कोयनेतून किती सोडलं ते.

ती उठली, गोठ्याच्या भिंतीवर पुराची जुनी रेघ आहे ती दाखवली, तिच्या गळ्याएवढी. मग मला म्हणाली तुझ्याजवळ खडू आहे का. खडू नव्हता, चुलीतला कोळसा घेतला. रेघेच्या वर दोन आकडे मोठे करून लिहिलेत, ४० आणि ४५. पावसाळ्यात रोज सकाळी फोन करून पुलावर किती आहे ते सांगायचं काम माझ्याकडं लागलंय, आणि ४० झाले की म्हैस घेऊन यायला टेम्पो कुणाचा हे तिनं शेजारच्या पोराला तिथंच विचारून ठेवलं.